आकाशपाळण्याचा दांडा

परभणीत माझ्या कामाला लोक ‘लोखंडाची सोनोग्राफी’ म्हणतात. पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा मला राग आला होता. मला राग येणं यात नवल काही नाही; आई म्हणते, ही पाळण्यातसुद्धा मुठी वळूनच झोपायची. पुढं पुढं मीच तसं सांगायला लागले, कारण ‘अल्ट्रासोनिक टेस्टिंग’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि त्याला काडीचंही कळलेलं नसतं. सोनोग्राफी म्हटलं की निदान पुढचा प्रश्न तरी येतो. तो बहुतेक वेळा एकच असतो. कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनपासून मोठ्या खुर्चीतल्या साहेबापर्यंत सगळ्यांनी मला हसत हसत विचारलंय, “मग ताई, लोखंडाला पोरगा हाय का पोरगी?” हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला, असं प्रत्येकाला वाटतं.

माझं यंत्र म्हणाल तर जेवणाच्या डब्याएवढं. पुढं पडदा, त्यातून निघालेली एक वायर आणि वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा प्रोब. लोखंडाला ग्रीस लावायचं आणि त्यावर प्रोब टेकवायचा. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज प्रोबमधून लोखंडात शिरतो, पलीकडच्या टोकावर आदळतो आणि परत येतो. परत आला की पडद्यावर एक उंच रेघ उठते. लहानपणी चारठाण्याला गेलं की आम्ही पोरं बारवेच्या काठावर उभं राहून हाका मारायचो आणि हाक खालून माघारी यायची, तसंच हे. फरक एवढाच, की हाक किती लांबून माघारी आली ते माझं यंत्र अचूक सांगतं. लोखंड निखळ असेल तर एकच रेघ उठते, शेवटच्या टोकाची. मधे भेग असेल तर आवाज तिथूनच परततो आणि टोकाच्या आधीच एक रेघ उभी राहते. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळा संयम, आणि तो माझ्याकडं फक्त लोखंडापुरताच आहे.

पोखर्णीकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की एक गाव लागतं. तिथं महाशिवरात्रीला महादेवाची जत्रा भरते. कुस्त्या, भजी, रेवड्या, बांगड्या आणि आकाशपाळणा. त्या वर्षी गावच्या जत्रा कमिटीनं ठरवलं, की पाळण्याची तपासणी करून घेतल्याशिवाय तो उभा करू द्यायचा नाही. कुठल्या तरी लांबच्या जत्रेत पाळणा तुटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता, त्याचा हा परिणाम. कमिटीच्या अध्यक्षांचा मला फोन आला. “ताई, येऊन जरा यंत्र लावा आन् सही करा, धा मिनिटांचं काम हाय,” ते म्हणाले. माझ्या कामाला किती मिनिटं लागतात हे दुसऱ्यानं सांगितलेलं मला आवडत नाही. तरी गेले.

जत्रेचं मैदान म्हणजे ज्वारी काढून मोकळं झालेलं रान. एका बाजूला कुस्तीचा आखाडा उकरत होते, दुसरीकडं खेळणीवाले आणि रेवडीवाले पालं ठोकत होते. पाळण्याचे सगळे भाग ट्रकमधून उतरवून मांडून ठेवलेले. आणि मधोमध, लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवलेला, पाळण्याचा मुख्य दांडा. कारखान्यात आम्ही त्याला शाफ्ट म्हणतो. सगळा पाळणा, त्यातल्या पेट्या आणि पेट्यांमधली माणसं या एका दांड्यावर तोलली जातात आणि पाळण्याबरोबर तो स्वतःही फिरतो. नऊ फूट लांब, माणसाच्या मांडीएवढा जाड, चंदेरी रंग दिलेला. दिसायला राजबिंडा होता.

पाळण्याची मालकीण पन्नाशीची बाई होती. पदर कमरेला खोचलेला, आणि त्याच कमरेला पान्यांचा जुडगा. पाळणा तिच्या नवऱ्यानं उभारलेला. तो गेल्यावर तिनं धाकट्या भावाला हाताशी घेऊन जत्रेमागून जत्रा केली होती. भाऊ वेल्डिंग करायचा, इंजिन सांभाळायचा. हुकूम मात्र तिचा. मी यंत्र काढल्यावर ती माझ्याकडं आणि डब्याकडं आळीपाळीनं बघत राहिली.

“पोरी, हळू हाताळ,” ती म्हणाली. “या दांड्यावर माझं सगळं घर फिरायलंय.”

“मावशी, मी याला फक्त ऐकणार आहे,” मी म्हणाले.

दांड्याचं एक टोक पॉलिश पेपरनं घासून साफ केलं, ग्रीस लावलं, प्रोब टेकवला. नऊ फुटांवर रेघ उठायला हवी होती, ती उठली. पण बसक्या उंचीची. आणि तिच्या आधी, पाच फुटांवर, दुसरी रेघ ताठ उभी.

अशा वेळी मी लगेच निकाल देत नाही. पडद्यावर खोट्या रेघाही उठतात. ग्रीस कमीजास्त झालं, प्रोब तिरका टेकला, तरी फसायला होतं. म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले, ते साफ केलं आणि तिथून आवाज सोडला. आता रेघ चार फुटांवर उठली. या बाजूनं पाच, त्या बाजूनं चार, मिळून नऊ. दोन्ही बाजूंनी मारलेली हाक एकाच जागेवरून परत आली होती. म्हणजे तिथं काहीतरी होतं, आणि ते आडवं होतं.

टेप लावून मी ती जागा शोधली. टेप जिथं थांबली तिथं दांड्यावर तळहाताएवढा शेंदराचा थर होता, बोटभर जाड. वर्षानुवर्षं तेलात कालवून लावलेला, वाळून घट्ट झालेला.

“मावशी, हा शेंदूर काढावा लागेल,” मी म्हणाले. “याच्याखाली भेग आहे.”

तिनं दांड्यावर हात ठेवला.

“तिथं न्हाई हात लावायचा. पाळण्याचा देव हाय तो. दर दसऱ्याला मी सोता लावते. आजपोतर कुनी त्याला नख लावलं न्हाई.”

“पण खाली—”

“न्हाई म्हनलं ना.”

एव्हाना अध्यक्ष येऊन पोचले होते. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, आणि चेहऱ्यावर सगळं मिटवून टाकायची घाई. माणूस वाईट नव्हता. जत्रा नीट पार पडावी एवढीच त्यांची धडपड. पण माझा पारा चढवायचं कसब त्यांच्याकडं उपजत होतं.

“ताई, कशाला देवाधर्माच्या भानगडीत पडता? इतकी वर्षं फिरायलाय की पाळणा. तुमी आपली सही करा. पाळणा नसला तर जत्रंला लेकरं कशाला येतेत?”

“काका, तुमची नातवंडं बसणार का यात?”

“बसनार की. सगळ्यात आधी तीच बसतेत.”

“मग सही तुम्हीच करा.”

तेवढ्यात मालकिणीचा भाऊ मधे पडला. “तुमचं यंत्रच बिघडलं आसंल बाई. दांडा बघा की कसा झगझगीत हाय.”

वरून झगझगीत आहे म्हणून लोखंड चांगलं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी त्याला त्याच्या रंगाच्या डब्यासकट बरंच काही सुनावलं. आवाज चढला. रेवडीवाले, खेळणीवाले, आखाडा उकरणारे, सगळे हातातलं काम टाकून आले. मी यंत्र बंद करून पिशवीत घालायला लागले. सही करणार नव्हते, हे नक्की. पण मला आतून चीड याची येत होती, की मी निघून गेले असते तर त्यांनी दुसरा कुणी तरी सही करणारा शोधला असता, आणि शिवरात्रीला त्या पेट्यांमध्ये लेकरं बसली असती. मला खरं दिसत होतं आणि ते माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं. त्या रेघेवर विश्वास ठेवायचा तर आधी माझ्यावर ठेवायला हवा होता, आणि तो का ठेवावा याचं कारण मी अजून कुणाला दिलेलं नव्हतं.

“थांब,” मालकीण म्हणाली. “तुझं यंत्र खरं बोलायलंय हे मी कशावरून समजू? माझा बी जीव त्यातच हाय. पर देवाला धक्का लावायचा तर माझी खात्री पटली पायजे. परीक्षा देतीस का?”

मला परीक्षा आवडतात. पास होण्याची खात्री असेल तर फारच आवडतात. मी पिशवी खाली ठेवली.

तिनं भावाला ट्रकमागून जुने दांडे आणायला सांगितले. त्यांच्याकडं पूर्वी झुलणारी होडी होती, तिचे हे दांडे. सहा सहा फुटी, सगळ्यांना सारखाच निळा रंग. “यातला एक मागं मोडला व्हता,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत जोडलाय, घासून गुळगुळीत केलाय, वरून रंग दिलाय. कोन्ता, आन् कुठं जोडलाय, ते सांग. सांगितलंस तर मी सोताच्या हातानं शेंदूर काढते. न्हाई सांगितलंस तर मुकाट्यानं सही कर आन् जा.”

लोकांनी रिंगण धरलं. कुस्त्यांना अजून अवकाश होता, पण पहिली कुस्ती माझीच लागली होती.

पहिला दांडा. टोक घासलं, ग्रीस लावलं. सहा फुटांवर एकच रेघ, ताठ. “हा निखळ,” मी म्हणाले आणि बाजूला सारला. मालकिणीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

दुसरा दांडा. प्रोब टेकवल्याबरोबर दोन फुटांवर रेघ उठली. रस्त्याकडेच्या वेल्डिंगचं असंच असतं. वरून जोड बेमालूम, पण आत मधोमध पोकळी राहून गेलेली. मी टेप लावून दोन फुटांवर खडूची खूण केली. “हा जोडलेला. आणि इथं जोडलाय.”

मालकिणीची मान किंचित हलली. गर्दीत कुजबुज झाली. पण माझी सवय दोन्ही बाजूंनी विचारायची, म्हणून मी दुसऱ्या टोकालाही गेले. तिकडून चार फुटांवर रेघ यायला हवी होती. ती आली तीन फुटांवर.

दोन आणि तीन, पाच. दांडा सहा फुटांचा. मला क्षणभर वाटलं, सगळ्यांसमोर आपलं नाक कापलं जाणार. पुन्हा ग्रीस लावलं, पुन्हा मोजलं. तीनच. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मला हसू आवरेना. मी दुसरी खूण केली, पहिलीपासून बरोबर एक फूट पलीकडं.

“मावशी, जोड दोन आहेत.”

“एक हाय.”

“दोन आहेत.”

“पोरी, दांडा माझा हाय. मी समोर हुबी व्हते जोडताना. एकच हाय.”

“मावशी, एक तुमच्यासमोर केला असेल. पण दांड्यात दोन आहेत. ग्राइंडर आणा, आत्ता दाखवते.”

तेवढ्यात माझं लक्ष तिच्या भावाकडं गेलं. तो मोठ्या कामात असल्यासारखा खिसे चाचपत होता. ग्राइंडर त्यालाच आणावं लागलं. पहिल्या खुणेवर रंग उडाला आणि जोडाची कड उघडी पडली. लोक ‘वा’ म्हणाले. दुसऱ्या खुणेवर मशीन टेकवायला त्यानं जरा वेळच लावला. टेकवलं. निळा रंग गेला आणि खाली दुसरा जोड, पहिल्यापेक्षा ओबडधोबड.

मालकिणीनं भावाकडं नुसतं बघितलं.

“आक्का,” तो म्हणाला, “तू त्या येळेला गावाकडं गेली व्हतीस. तवा परत मोडला व्हता. तू शिव्या देशील म्हनून म्या गपचिप जोडला.”

जे हसणं झालं ते विचारू नका. आखाड्यातल्या एकानं शिट्टी मारली. रेवडीवाल्यानं मला मूठभर रेवड्या आणून दिल्या. अध्यक्ष टोपी काढून डोकं खाजवत होते. माझे तर हात आभाळाला लागले होते! इतकी वर्षं मी बंद खोल्यांत, बॉयलरच्या पोटात, कागदावर सह्या करणाऱ्या लोकांसाठी रेघा वाचल्या. पण शंभर लोकांसमोर लोखंडानं माझ्या बाजूनं साक्ष द्यावी, असं कधी झालं नव्हतं. मी हसत होते, रेवड्या खात होते, आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवतही होते.

मालकीण तेवढी हसत नव्हती. जोड एक की दोन हे तिच्या दृष्टीनं संपलं होतं. ती मोठ्या दांड्याकडं बघत उभी होती.

मग तिनं तांब्याभर पाणी मागवलं. हात धुतले, डोळ्यांना पाणी लावलं, दांड्याला नमस्कार केला. चुलीपाशी जाऊन उलथनं आणलं आणि पितळी ताट खाली धरून शेंदूर खरवडायला बसली. एक कण जमिनीवर पडू दिला नाही. थर मोठा चिवट होता, खालचे पापुद्रे तर काळे पडलेले. मी मदतीला हात पुढं केला तेव्हा तिनं मानेनंच नको म्हटलं. शेंदूर संपला, त्याखाली चंदेरी रंग लागला, आणि रंगाखाली दोन उंचवटे. वेल्डिंगचे. कधीतरी काहीतरी चिकटवलेलं आणि नंतर तुटून पडलेलं.

“इथं काय जोडलं होतं?” मी विचारलं.

“नाल,” ती म्हणाली.

घोड्याची नाल. नजर लागू नये म्हणून माणसं ती उंबऱ्याला ठोकतात, ट्रकला लावतात. तिच्या भावानं ती फिरत्या दांड्याच्या अंगावर वेल्डिंगनं बसवली होती. पुढं नाल तुटून पडली, पण जागा पवित्र झालेली. म्हणून दर दसऱ्याला तिथं शेंदूर चढत गेला.

मला भावावर ओरडायचं होतं. वेल्डिंगच्या आचेनं लोखंड तेवढ्याशा जागेत भडकून तापतं आणि लगेच थंड होतं. ती जागा कडक होते, ठिसूळ होते. पाळणा फिरतो तसा दांडा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकत राहतो, आणि ठिसूळ जागेला वाकणं सोसत नाही. तिथं केसाएवढी चीर पडते आणि पाळण्याच्या फेऱ्यांबरोबर ती आत आत सरकते. हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण आधी दाखवणं भाग होतं. मी जागा साफ केली आणि त्यावर तांबडं औषध फवारलं. भेग असली की ते भेगेत शिरून बसतं. थोड्या वेळानं वरचं सगळं पुसून घेतलं आणि पांढरी पूड फवारली. सगळे वाकून बघत होते. पांढऱ्या पुडीवर, दोन्ही उंचवट्यांच्या मधून, एक तांबडी रेघ हळूहळू वर आली. वीतभर लांब.

“अगं आई गं,” कुणीतरी म्हणालं.

मालकीण मातीतच खाली बसली.

“म्हंजे मीच केलं हे,” ती म्हणाली. “मालक गेल्यावर लोक तोंडावर म्हनायचे, बाईच्या हातात पाळणा, बघू किती दिस फिरतोय. त्यांची नजर लागू नये म्हनून म्याच भावाला म्हनलं, मधोमध नाल लाव, पोटावर लाव. आन् त्याच नालीखाली...” तिनं भेगेकडं बोट दाखवलं. “किती लेकरं बसवली असतील मी यात.”

माझा भावावरचा राग कुठल्या कुठं गेला. मला लोकांसमोर रडायला अजिबात आवडत नाही.

“मावशी,” मी तिच्याजवळ बसले, “ज्यानं सांभाळायला म्हणून लावलं त्यानं पाप केलं असं मी म्हणणार नाही. आणि एकही लेकरू पडलेलं नाही. ते पडायच्या आत आपल्याला कळलंय. तुम्ही शेंदूर काढला म्हणून कळलंय.”

तिनं बराच वेळ माझा हात धरून ठेवला. तिचा हात ग्रीस आणि शेंदरानं माखलेला होता, माझाही. त्याच वेळी अध्यक्ष मागून म्हणाले, “वरवरची चीर दिसायलीय, जरा वेल्डिंगनं भरून घेतली तर?” मी त्यांच्यावर अशी काही तुटून पडले, की माझं रडू कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

वरवरची की आतली, हे मालकिणीलाच बघायचं होतं. ती उठली, पदर खोचला आणि भावाला म्हणाली, “मोड.” त्यानं भेगेच्या विरुद्ध बाजूनं गॅस कटरनं थोडी खाच पाडली. दांड्याची दोन्ही टोकं साखळ्यांनी ट्रकला आवळली आणि मधे जॅक लावला. जॅक चार-दोन वेळा हलवला असेल नसेल, तोच ‘टण्’ असा आवाज झाला आणि राजबिंड्या दांड्याचे दोन तुकडे झाले. तुटलेली बाजू आम्ही सगळ्यांनी पाहिली. निम्म्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत. ती जुनी भेग. ताजं, चमचमणारं लोखंड भाकरीचा चतकोर उरावा तेवढंच. तेवढ्यावर पाळणा फिरत होता.

अध्यक्षांनी ती चतकोर जागा बोटानं चाचपून पाहिली. मग माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. त्यांच्या वयाच्या माणसानं मला हात जोडावेत याचं मला अवघड वाटलं, पण समाधान इतकं झालं की लपवता आलं नाही.

शिवरात्र तोंडावर आली होती. पाळणा त्याच जत्रेत फिरला पाहिजे, हे मालकिणीइतकंच आता मलाही वाटायला लागलं. परभणीतल्या, लोखंड कातून देणाऱ्या एका लेथवाल्याला मी ओळखत होते. त्याच्याकडं तिला घेऊन गेले. त्यानं काढलेला पहिला पोलादी गज मी तपासला आणि नाकारला, आत एका जागी रेघ उठली होती. “बाई, तू माझं दुकान बंद करशील,” तो म्हणाला. दुसरा गज मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध निघाला. मालकीण लेथजवळून हलली नाही. बारीक चिपा खाली पडत होत्या आणि ती डोळ्याची पापणी न लवता बघत होती. जेवायला चल म्हटलं तर म्हणाली, तू जा, मी हितंच बरी हाय.

मैदानावर नवा दांडा उतरवल्यावर मी तो पुन्हा तपासला, सगळ्यांसमोर, दोन्ही टोकांकडून. या बाजूनं नऊ, त्या बाजूनं नऊ. मधे काही नाही. पडदा मालकिणीकडं वळवला. “बघा, एकच रेघ. शेवटची.” तिनं ती रेघ बोटानं शिवून पाहिली.

एवढं सगळं झाल्यावर तिचा भाऊ कुठून तरी नवी कोरी नाल आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन येताना दिसला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावतच गेले. पण माझ्याआधी त्याची बहीण त्याच्यापाशी पोचली होती. तिनं त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी आयुष्यात इतक्या मनापासून कुणाच्या शिव्या ऐकल्या नव्हत्या. नाल मात्र तिनं टाकू दिली नाही. तिकिटाच्या खोपटाच्या दारावर तारेनं बांधून घेतली. “तिथं नजर लागू दे किती लागायची ती,” ती म्हणाली.

शिवरात्रीच्या दिवशी दुपारपर्यंत पाळणा उभा राहिला. महादेवाचं दर्शन घेऊन आलेली माणसं दोरीच्या पलीकडं दाटीवाटीनं थांबलेली, लेकरं खांद्यांवर. मी सही केली, कागद अध्यक्षांना दिला आणि पिशवी उचलली.

“कुठं निघालीस?” मालकिणीनं हाक मारली. “सही केलीस ना? मग बस.”

“मी?”

“तू म्हनलीस दांडा निखळ हाय. कागदावर म्हनलीस. आता पेटीत बसून म्हन. अन् मी बी बसते तुझ्यासंगं.”

तिनं पेटीचं दार उघडलं. मागं वळून अध्यक्षांनाही हात केला. त्यांना एकाएकी गुडघ्याच्या दुखण्याची आठवण झाली. आम्ही दोघीच बसलो. भावानं इंजिन सुरू केलं आणि पेटी मागं मागं सरकत जमीन सोडून वर निघाली.

हातात यंत्र नसताना लोखंडावर विश्वास ठेवायची माझी ती पहिलीच वेळ. दोन्ही हातांनी मी आडवा गज घट्ट धरला होता. मालकीण मात्र मधल्या दांड्याकडं एकटक बघत होती. नुकतंच घासलेलं पोलाद उन्हात फिरत होतं, अंगावर ना रंग, ना शेंदूर. पेटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. प्रत्येक फेरीला तिचे खांदे थोडे थोडे सैल होत गेले. सगळ्यात वर पोचल्यावर तिनं भावाला पाळणा थांबवायची खूण केली. पेटी डुलत थांबली. खाली सगळं मैदान, पालं, देवळाचं शिखर, आणि दोरीला रेटा देऊन उभी असलेली ती सगळी माणसं, तोंडं वर करून आमच्याकडं बघत.

तिनं अर्धं अंग पेटीबाहेर काढलं आणि जत्राभर ऐकू जाईल अशा आवाजात भावाला ओरडून सांगितलं, “सोड रे लोकायला!”